कबर खणायला कोण येतं? सुवार्ता घेऊन गावी येणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो,

सलाम.

हा शब्द वाचून तुमच्यातल्या एकदोघांच्या कपाळाला आठी पडेल. मागच्या नाताळाच्या आधी तुमच्यातल्याच एका तरुण पास्टरांनी मला उपासना सुटल्यावर बाजूला घेऊन समजावलं होतं, "गुरुजी, सलाम काय म्हणता? प्रेज द लॉर्ड म्हणा." मी हसून सोडून दिलं. पण आमच्या घरात ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला सलाम करायचा, ही रीत मी आजोबांकडून उचलली आणि त्यांनी त्यांच्या बापाकडून. ते पणजोबा छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, मिशनच्या कामावर खडी फोडायला गेले आणि तिकडेच ख्रिस्ती झाले. गाव म्हणालं, भाकरीसाठी बाटला. असेलही. मला त्याची लाज वाटत नाही. भाकरी कुणी दिली हे ते शेवटपर्यंत विसरले नाहीत, आणि भाकरी देणारा साहेबही तिथून पुढे कैक वर्षं त्यांच्या हाकेच्या अंतरावर राहत होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केली. आता निवृत्त आहे. गाव नेवासे तालुक्यात. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं म्हणतात, तो आमच्यापासून सायकलच्या टप्प्यात. गावात ख्रिस्ती घरं सत्तावीस, पत्र्याचं एक प्रार्थनामंदिर, आणि चार गावांत मिळून एक पाळकसाहेब. पुण्या-मुंबईहून, तेलंगण-तमिळनाडूतून गाड्या करून येणारे, अधूनमधून परदेशातून दोन आठवड्यांची रजा काढून येणारे तुम्ही लोक आमच्याकडे वर्षातून तीन-चारदा तरी येता. म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गावाच्या खालच्या अंगाला, पाटाच्या कडेला, ऊसतोडीला जाणारं एक कुटुंब राहतं. त्या उन्हाळ्यात तुमच्यातली एक मंडळी दोन जीपगाड्या घेऊन आली होती. तीन दिवस मांडव, रात्री पडद्यावर सिनेमा, लाउडस्पीकर थेट वेशीपर्यंत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटाच्या पाण्यात अकरा जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यात या घरातला मुलगा, त्याची बायको आणि त्याची आई. म्हातारी सत्तरीच्या पुढची. पाण्यातून वर आली तेव्हा ती थंडीने कुडकुडत होती आणि हसत होती. ते हसू मी पाहिलंय, त्यामुळे तिच्या विश्वासाबद्दल मी एक अक्षर वावगं बोलणार नाही. तुमच्यातल्या एकाने वहीत आकडा लिहिला, सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला, आणि जेवणवेळेच्या आत गाड्या निघून गेल्या.

आषाढ संपता संपता म्हातारी गेली. संध्याकाळी साडेपाचला. बाहेर पावसाची रिपरिप. मुलाने आधी भावकीत निरोप धाडला. भावकी म्हणाली, आता तू त्यांच्यातला झालास ना, मग त्यांच्यात ने. त्याने पास्टरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. कार्डावर दुसरा नंबर होता, तो कुणा हैदराबादच्या माणसाने उचलला. त्याला मराठी कळेना आणि याला त्या घटकेला हिंदी सुचेना. सातच्या सुमाराला तो माझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला, नखशिखांत भिजलेला. तोंडातून शब्द फुटेना. माझी बायको म्हणाली, "आई गेली का रे?" तेव्हा तो खाली बसला.

आता आमचंही ऐका, कारण या गोष्टीत आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्या मंडळीचं कबरस्तान आहे, मिशनच्या काळापासूनचं, सव्वा एकराचं. तिथे माती द्यायची तर मंडळीच्या वहीत नाव लागतं. म्हातारीचं नाव वहीत नव्हतं, कारण तुम्ही बाप्तिस्मा देताना आमच्या पाळकसाहेबांना साधा निरोपही धाडला नव्हता. आमच्या पंचांपैकी दोघे अडून बसले. "उद्या कुणीही पाटात बुचकळून काढलेला येईल, आपण काय जागा वाटत बसायचं?" मी त्यांच्यावर असा ओरडलो की चौतीस वर्षांत वर्गातसुद्धा ओरडलो नसेन. शेवटी पाळकसाहेब शेजारच्या गावातून मोटरसायकलवर भिजत आले आणि त्यांनी स्वतःच्या सहीने परवानगी दिली.

खणायला आम्ही चौघे. दोन फुटांवर मुरूम लागला. लाइट गेलेली. त्या रात्री ज्याच्या ट्रॅक्टरच्या दिव्यांवर कबर खणली गेली, तो माझा वर्गमित्र. माळकरी, नुकताच पंढरीहून परतलेला. मी बोलवायला गेलो नव्हतो. आमच्या गल्लीतली धावपळ बघून तो आपणहून ट्रॅक्टर घेऊन आला, दिवे खड्ड्याकडे वळवले आणि माझ्या हातातला टिकाव काढून घेतला. "गुरुजी, तुमचं वय झालं, सरका." पेटी करायला सुतार नव्हता, वेळही नव्हता. बायकोने घडीची पांढरी चादर काढून दिली. पावणेबाराला मी मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि आम्ही माती लोटली.

तुम्ही कुठे होतात? हे मी रागाने विचारत नाही, असं आधी लिहिलं होतं. खोडलं. रागानेच विचारतोय.

आमचं एका रात्रीत निभावलं. सगळीकडे निभावत नाही. बस्तरमधल्या छिंदवाडा गावात एका ख्रिस्ती पाळकाचं प्रेत जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होतं, कारण गाव मातीला जागा देईना. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. एकांचं म्हणणं, स्वतःच्या शेतात पुरू द्यावं. दुसऱ्यांचं, ठरवून दिलेल्या जागेतच. प्रेत आणखी ताटकळू नये म्हणून अखेर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती कबरस्तानात पुरावं असा आदेश निघाला. ते घराणं तर तिथलंच, कालपरवा आलेलं नव्हे. ज्यांनी नुकताच मार्ग बदललाय, त्यांच्यामागे तर कुणीच नसतं. कबर कुठे, हे आधी बघा. बाप्तिस्मा नंतर. मला विचाराल तर ज्याला गावात कुणाला पाण्यात उभं करायचंय, त्याने आधी त्या गावात एक सबंध पावसाळा काढावा. चिखलात, डासांत, लाइट नसताना. मग कळतं कोण कुणाच्या दारात उभा राहतो.

कागदाचंही बोलायला हवं. त्याकडे तुम्ही कानाडोळा करता. अनुसूचित जातीचा दर्जा राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने ठरतो. त्यात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही नाहीत. हा नियम न्यायाचा आहे का, यावर माझ्या ओट्यावर बसून रात्रभर बोलू. मला तो न्यायाचा वाटत नाही, कारण पाण्यातून बाहेर आल्याबरोबर जात काही धुऊन निघत नाही. आमच्या पूर्वजांना चर्चमध्येही ती भेटली, नाव बदलून. पण नियम आहे आणि तो लागू होतो. मग ज्याची पोरगी नववीत शिष्यवृत्ती घेतेय, ज्याचा मुलगा जातीच्या दाखल्यावर वसतिगृहात राहतोय, त्या बापाला पाण्यात उतरवण्याआधी हे कुणी समजावून सांगतं का? आमच्या गावात नाही सांगितलं. मी त्या अकरांपैकी सहा जणांना विचारलंय.

तुमच्यातले काही यावर एक तोडगाही देतात. म्हणतात, कागदावर आहे तसंच राहू द्या, प्रभूला मन कळतं. म्हणजे सत्याची साक्ष द्यायला निघालेल्या माणसाने पहिलं पाऊल तहसील कचेरीत खोटं बोलून टाकायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच म्हटलं की, ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगायचं, ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. ती नोकरी हातची गेली त्या अर्जदार बाईची. सल्ला देणारा कुणी असलाच तर त्याचं काय गेलं? आदिवासींची गोष्ट वेगळी आहे, त्यांच्या दर्जाला धर्माची अट नाही. पण त्यांनाही ते नीट सांगायला हवं, कारण त्यांना उलटसुलट सांगून घाबरवणारे पाड्यापाड्यांवर फिरताहेत.

आणि हो, राज्यघटनेच्या कलम २५ ची झेरॉक्स तुमच्या बॅगेत असते, ती मी पाहिली आहे. तिच्यासोबत सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा स्टॅनिस्लॉस खटल्याचा निकालही ठेवत जा. आपला धर्म सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा मूलभूत हक्क नाही, असं त्यात आहे. परदेशी पाहुण्यांना पर्यटन व्हिसावर आणून मांडवात बोलायला उभं करू नका. ते निघून जातात, चौकशीला मांडव टाकणारा मागे राहतो. २०१८ मध्ये तो अमेरिकन तरुण जॉन चाऊ सुवार्ता सांगायला अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर गेला, तिथल्या लोकांनी त्याला मारलं, जगभर बातमी झाली. त्याला होडीतून तिकडे नेणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली, हे किती जणांच्या लक्षात आहे? आणि त्याच्या अंगावरच्या साध्या सर्दी-पडशानेही ते बेट आजारी पडू शकलं असतं, कारण त्या लोकांना बाहेरच्या रोगांची सवयच नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुमचे पूर्वजही बाहेरून आलेल्यांमुळेच ख्रिस्ती झाले ना? झाले. म्हणूनच त्यांच्याबद्दल मला थोडं माहीत आहे.

अमेरिकेतून गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा कंपनी सरकार त्याला परत पाठवायला निघालं होतं. तो राहिला. आधी मराठी शिकला. तेरा वर्षांनी, १८२६ मध्ये, गावोगाव फिरतानाच पटकीने वारला. तेरा वर्षांत बाप्तिस्म्याची वही जवळपास कोरीच होती. तुमच्या हिशोबात हे मिशन फेल. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये आल्या. पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरच्याच मातीत गेल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती, पुण्यात आपली काढण्याआधी. त्या बाईने किती बाप्तिस्मे केले ते मला माहीत नाही, आणि गंमत म्हणजे कुणी विचारतही नाही. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत आज पोरी पहिल्या बाकावर बसतात ना, त्यात थोडा वाटा तिचा आहे.

मुंबईचे जॉर्ज बोवेन मला या सगळ्यांत जवळचे वाटतात. १८४८ मध्ये आले, वर्षभरात मिशनचा पगार नाकारला, गरीब वस्तीत खोली घेऊन राहिले आणि १८८८ मध्ये मरेपर्यंत, चाळीस वर्षं, मुंबईतच राहिले. १८५७ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकाठी मिशनऱ्यांशी उघड वाद घालत होते, लोक गर्दी करून ऐकत होते. त्या वादात बोवेनही होते आणि त्या वादांचा वृत्तान्त त्यांनी स्वतः लिहून छापला. समोरच्याला उत्तर द्यायला जागा होती, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही त्याच वाळूवर येणार होते. वाद असा घालावा. रात्री लाउडस्पीकर लावायचा आणि पहाटे गाडी काढायची, याला मी वाद म्हणत नाही.

नाही, ते सगळे संत नव्हते. बंगले बांधून राहिले, आमच्या लोकांना साहेबी नावं दिली, मूर्तींबद्दल नको ते छापलं, आणि पैसा कायम स्वतःच्या हातात ठेवला. कवी ना. वा. टिळकांसारख्या माणसाला शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढावा लागला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यालाही जागा होती आणि न घेतलेल्यालाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक सांगत. त्यांच्या घरात काय झालं तेही आठवा. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. मग एकत्र आल्या तरी सोवळं पाळत राहिल्या, प्यायचं पाणी वेगळं. स्वतःच्या बायकोचं मन वळायला पाच वर्षं लागली, आणि वळलं ते तिचं तिनेच. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुम्ही मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणांना पाण्यात उतरवता.

भाषेचं तर विचारूच नका. मूळचा इंग्लंडचा फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली. दहा हजारांहून जास्त ओव्या. त्याच गोव्यात, अडुसष्ट वर्षांनी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. पाद्र्यांनाच लोकांची भाषा शिकायची नव्हती. चर्च तेच, देव तोच. स्टीफन्सच्या ओव्या गोव्यातली ख्रिस्ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या गात राहिली. फर्मान कुणी गायलं नाही.

आता तुमच्या पत्रकाकडे येतो. हसू नका, हे गंभीर आहे.

गेल्या आषाढात पंढरीच्या वाटेवरची एक दिंडी आमच्या गावात दुपारच्या विसाव्याला थांबली. दर वर्षी थांबते. आमच्या तरुण संघाची पोरं तिला गुळाचा चहा देतात. माझ्या आठवणीत तरी वीस वर्षं झाली, कुणी सुरू केलं ते आता सांगता येणार नाही. त्या दिवशी तुमच्यातले तिघे नेमके तिथे पोहोचले आणि आमच्या चहाच्या टेबलापाशी उभं राहून वारकऱ्यांच्या हातात पत्रकं देऊ लागले. माझा तो ट्रॅक्टरवाला मित्र माझ्याकडे आला. त्याने पत्रक चार घड्या करून माझ्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, हा कागद तुमचा नाय ना?"

मी घरी येऊन वाचलं. "तुम्ही पापाचे गुलाम असून तुमचे दगड तुम्हाला ऐकत नाही." सवयीने लाल पेन काढलं. चार ओळींत सात चुका. पण चुकांचं सोडा. ज्या माणसाने आमच्या म्हातारीची कबर खणली, त्याच्या हातात तुम्ही असला कागद दिलात, आणि तोही आमच्या चहाच्या कपाबरोबर. त्याला तुमच्या प्रभूची साक्ष हवीच असती, तर ती त्या रात्री त्याने स्वतःच दिली होती. त्या दिवशी दिंडीतले लोक चहाचे कप तसेच टेबलावर ठेवून निघाले. पुढच्या ग्रामसभेत प्रार्थनामंदिराच्या भोंग्याचा विषय निघाला, मग कबरस्तानाच्या कुंपणाचा, मग आमच्या पोरांना कुणी विचारलं की तुम्हाला पैसे किती मिळतात. वीस वर्षं चाललेला चहा यंदा आम्हीच बंद ठेवला. नको म्हटलं, कुणी काही बोललं तर.

श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाऊलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. एकदा येऊन बघा. नवस करणाऱ्यांत कोण हिंदू, कोण ख्रिस्ती, हे ओळखायला तुम्हाला तिथे फार वेळ लागेल. तिथे कुणी कुणाच्या हातात कागद देत नाही. तुमच्यातल्या काहींना ते भ्रष्ट वाटेल. मला ते आमच्या जिल्ह्यासारखं वाटतं.

चंगाईबद्दल, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करण्याबद्दल, थोडक्यात. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, मीही करतो, माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी सगळी रात्र केली. पण मांडवात कुणाच्या डोक्यावर हात ठेवून "तू बरा झालास" म्हणू नका. आमच्याकडच्या एका टीबीच्या पेशंटाने तुमच्या सभेनंतर गोळ्या बंद केल्या. चौथा महिना चालू होता, सहाचा कोर्स. खोकला थांबला होता तो गोळ्यांनी, त्याला वाटलं हाताने. अर्ध्यावर सोडलेला टीबी औषधाला जुमानेनासा होऊ शकतो, हे त्याला पुन्हा समजावायला आशाताईंना आणि मला तीन आठवडे लागले. तो तुमच्या सभेतल्या साक्षीच्या व्हिडिओत अजून आहे. पडदा, संगीत, आणि तो रडतोय. तो व्हिडिओ काढून टाका.

आणि फोटो. माझ्या एका विद्यार्थिनीचा फोटो परदेशातल्या कुठल्याशा मदतपत्रकात छापून आला. पुण्यातल्या माझ्या भाच्याने मोबाइलवर दाखवला. नाव भलतंच, खाली लिहिलं होतं की, या उपाशी मुलीला आता दोन वेळचं अन्न मिळतं. तिच्या बापाची साडेतीन एकर बागायत आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे, आणि पोरगी उन्हात उभी होती म्हणून कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आम्ही ते तिच्या बापाला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तो जेवायला बोलावून तुमचं पोट फुटेस्तोवर वाढणारा माणूस आहे, आणि मग हिशोब विचारणारा.

हे पत्र वाचून घरवापसीवाल्यांनी टाळ्या पिटू नयेत. तेही गाड्या घेऊनच येतात. तेही पाय धुतात, फोटो काढतात, आकडा लिहितात आणि रात्रीच्या आत जातात. आमच्या शेजारच्या तालुक्यात पाय धुऊन घेतलेल्या एका घराला त्यानंतर कोण विचारतंय, ते त्यांनी एकदा येऊन बघावं.

मारहाण होते, चर्चच्या खिडक्या फुटतात, हे मला ठाऊक आहे. १९९९ मध्ये ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन पोरं गाडीत जिवंत जाळली गेली, तेव्हा आमच्या प्रार्थनामंदिरात बाया हुंदके देत होत्या. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस त्यानंतरही बारीपदाच्या कुष्ठरोग्यांमध्ये २००४ पर्यंत राहिल्या. त्यांना कुणी परक्या म्हणून दाखवावं.

तुम्ही यायला माझी ना नाही. येण्याआधी आमच्या पाळकसाहेबांना आणि सरपंचांना भेटा. रविवारी नऊला उपासना असते, मागच्या बाकावर बसा, आमची भजनं ऐका, पेटी आणि झांजा आहेत. प्रोजेक्टर आणू नका. जेवण आमच्याकडे, पिठलं-भाकरी असेल तर पिठलं-भाकरी. कुणाला काही विचारायचं असेल तर तो विचारेल. तुम्ही त्याच्या वेळेला असायला हवं, एवढीच गोष्ट आहे.

त्या म्हातारीच्या कबरेवर अजून दगड नाही. मुलाने बाभळीच्या दोन फांद्या तारेने बांधून क्रूस केलाय, दर पावसाळ्यात तो कलतो आणि तो येऊन सरळ करतो. गेल्या रविवारी उपासनेनंतर त्याने मला पुन्हा विचारलं, "गुरुजी, ते पास्टर म्हणाले होते परत येतो म्हणून. कधी येणारेत?" तुमचा नंबर त्याच्याकडे अजून जपून ठेवलेला आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. त्याला काय सांगू, ते कळवा.

आपला,
नेवासे तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक